दुबार खातं

१

सकाळी ऑफिसात आल्यावर शिवांजली आधी पंखा लावायची, मग कॉम्प्युटर, आणि मग थोडा वेळ नुसती बसून राहायची. समोर काय वाढून ठेवलंय ते तिला न बघताही ठाऊक असायचं.

शेतातली मोटर घरबसल्या मोबाइलवरून चालू-बंद करता येईल असा स्टार्टर तिची कंपनी विकत होती. कंपनी म्हणजे काय, तर माधवनगरात पूर्वी जिथे माग खडखडायचे त्या लांबट शेडचा पार्टिशन घालून केलेला एक तुकडा. मालक बाळासो, बाहेर फिरणारे दोघे-तिघे मेकॅनिक आणि हेल्पडेस्क. शब्द भारदस्त आहे, पण हेल्पडेस्क म्हणजे एकटी शिवांजली.

नियम साधा होता. ग्राहकाने वेबसाइटवर आपलं खातं उघडायचं आणि शिवांजलीने ते तपासून मंजूर करायचं. खातं असलेल्याने मेल केला की त्याची तक्रार नोंदली जायची आणि मेकॅनिक निघायचा. खातं नसलेल्याचा मेल मात्र दारातच ताटकळत पडायचा. आता ऊस करणाऱ्या माणसाला मेलशी काय देणंघेणं? मग तालुक्याचा डीलरच अक्षरं आणि आकड्यांची खिचडी करून एखादा मेल पत्ता काढून द्यायचा आणि नावाच्या जागी एक टिंब ठोकून मोकळा व्हायचा. टिंबाला सॉफ्टवेअर बधायचं नाही. शिवांजलीने फोन केला की डीलरचं उत्तर ठरलेलं, "ताई, सध्या कायबी टाका की. मागनं बदलू."

सध्या कायबी म्हणून शिवांजली आपल्या आईचं नाव टाकायची. अंजना. बोटांना ते नाव सवयीचं होतं. बँक, दवाखाना, गॅस, आईची सगळी लिखापढी वडील गेल्यापासून तीच करत आली होती. पुढे कधीतरी डीलर खरं नाव कळवायचा, ती बदलून टाकायची. त्यात कधी काही बिघडलं नाही. त्या सगळ्यांना आपापली नावं होती.

आई शिराळ्याच्या बाहेर मळ्यातल्या घरी एकटी राहायची. भाऊ जयराज फौजेत, पार अरुणाचलच्या टोकाला. तो सुट्टीपुरता घरचा. वडील हंबीररावही फौजेतलेच, पेन्शन घेऊन आले आणि लवकरच गेले. तेव्हा शिवांजलीचं रोजचं, हक्काचं म्हणावं असं माणूस एकच, ते म्हणजे आई. तिला सांगलीला आणायचं हा शिवांजलीचा हट्ट होता, आणि ऊस आणि म्हैस सोडून कुठं न जाण्याचा आईचा. या रविवारी नक्की जाऊन समजावायचं, असं शिवांजली दर आठवड्याला ठरवायची. रविवार आला की अंगात उठायचं त्राण नसायचं. मग ती फोन करायची आणि पुन्हा आडवी व्हायची.

२

तो मेल आला तेव्हा जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. पाठवणाऱ्याचा पत्ता नेहमीसारखीच खिचडी, विषय कोरा. आत एवढंच लिहिलेलं, "खातं पाहिजे."

शिवांजलीने तयार उत्तर पाठवलं. आपलं नाव, गाव आणि स्टार्टरचा नंबर कळवा. पाठवण्याचं बटण दाबून तिने बोट उचललं न उचललं तोच उत्तर समोर हजर.

"नाव न्हाई."

एखाद्याचा कॉलेजातला पुतण्या मोबाइल घेऊन बसला असेल, तिला वाटलं. असे टवाळ लय बघितले होते तिने. नावाशिवाय खातं उघडता येत नाही, असं तिने शांतपणे लिहिलं.

"मग तुमी द्या."

ती जरा हसली. ते हसू थकलेल्या माणसाचं होतं, त्यात मजा नव्हती. पार्टिशनपलीकडून बाळासो कुणावर तरी ओरडत होते, आणि ते इकडे आले की पहिली नजर ताटकळलेल्या मेलांवर जाणार हे तिला माहीत होतं. तिने डीलरला फोन करायचा विचार केला, पण कुठल्या डीलरला? गाव नव्हतं, नंबर नव्हता. शेवटी बोटांनी आपलं आपण काम केलं. नावाच्या जागी अंजना, गावाच्या जागी शिराळा. मंजूर.

सॉफ्टवेअरने नव्या ग्राहकाला नेहमीचा स्वागताचा मेल पाठवला, की आपलं खातं तयार आहे. त्याला सहसा कुणी उत्तर देत नाही. याने दिलं.

"मिळालं."

३

पुढच्या आठवड्यात त्या खात्यावरून तक्रारी यायला लागल्या. तक्रारी तरी कशा म्हणायच्या?

पहिली होती, "दार कुठल्या अंगाला हाय?" शिवांजलीने कपाळाला हात लावला. असल्या चुकीच्या मेलांना ती उत्तर देत बसायची नाही. 'निकाली' असा शिक्का मारायची आणि विसरून जायची. शिक्का मारला की सॉफ्टवेअर आपण होऊन विचारतं, आपली अडचण सुटली का? त्याला उत्तर आलं, "व्हय. घावलं."

दुसरी दोन दिवसांनी. "म्हस कुठल्या नावानं येती?"

तिने तोही निकाली काढला. या वेळी शिक्का मारताना हात जरा अडखळला, पण मागे अजून ढीगभर काम होतं. उत्तर आलं, "व्हय. आली."

त्या संध्याकाळी तिने आईला फोन केला. आईची म्हैस, शेजारची हरणाबाई, उसाचं पाणी, सगळं बोलून झालं. मग गंमत म्हणून तिने सांगितलं, की कुणाला नावच नव्हतं तर मी तुझं देऊन टाकलं.

आई म्हणाली, "आगं, जित्या मानसाचं नाव ठेवत्यात व्हय दुसऱ्याला? थोरल्या जावंच्या नातीला माजं नाव ठेवाय निघाली हुती, तवाबी मी न्हाई म्हनले हुते."

"आई, ते बारसं. हे कॉम्प्युटरवरचं खातं आहे."

"आसंल बाई. मला काय कळतंय त्यातलं." आईने विषय सोडून दिला, आणि मग सहज बोलावं तसं बोलली, "आज गंमतच झाली बघ. हरणाबाई बांधावनं मला हाका मारत हुती. लय हाका मारल्या म्हनं. मला आयकू येत हुतं गं सगळं. पर ती मलाच हाक मारतीया, हे काय माज्या ध्यानात येईना."

"झोप नीट लागत नाही का तुला?"

"दमल्यावानी वाटतंय. बसलं की उठू वाटत न्हाई."

वय झालं, असं शिवांजलीने स्वतःला सांगितलं. अंगात जीवनसत्त्वं कमी पडली की माणूस विसरभोळं होतं, हे तिने वाचलं होतं. रविवारी जाऊन आईला इस्लामपूरच्या डॉक्टरकडे न्यायचं, असं ठरवून ती झोपली. रविवारी तिला स्वतःलाच कणकण आली आणि जायचं राहिलं. याचं तिला इतकं वाईट वाटलं, की त्या दिवशी आईला फोन करायचंही तिला धैर्य झालं नाही.

४

मेकॅनिकांपैकी सूरज हा वडूजकडचा. बापजाद्यांनी मेंढरं राखली, याने मोटरी दुरुस्त केल्या. बोलायला फटकळ, पण कामाला चोख. तो सोमवारी दुपारी टेबलापाशी येऊन उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा रागावलेला होता.

"ताई, तुमच्याच आईची तक्रार हुती, म्हनून सकाळी आदी तिकडं गेलो. तर काकू म्हनत्यात, मी कवा तक्रार केली?"

शिवांजलीने स्क्रीनवर बघितलं. तिला नको होतं तेच तिथे होतं. त्या नव्या खात्यावरून आणखी एक मेल आला होता, 'मानूस पाठवा', आणि तो तिच्या हातून न वाचताच सूरजकडे गेला होता. खात्यात पत्ताही आता भरलेला होता. मळ्याचा रस्ता, वळणावरची पाण्याची टाकी, दारातला शेवगा. तिने तो भरलेला नव्हता.

"मोटर ठीक होती?" तिने विचारलं, कारण काहीतरी विचारायला हवं होतं.

"मोटर झ्याक हाय. पर घरात दुसरं कोन हाय?"

"कुणी नाही. आई एकटीच असते."

सूरजने टेबलावरची पाण्याची बाटली उचलून घोट घेतला. "मी दारातनं हाक मारली. अंजना काकू, म्हनलं. आतनं ओ आली. 'आले, आले' म्हनून. मी उबा ऱ्हायलो. आनि काकू माज्या मागनं आल्या. रानातनं. डोक्यावर वैरन हुती."

"आईच असेल. तुला वाटलं असेल आतून."

"तसंच आसंल," सूरज म्हणाला, पण त्याचा आवाज तसा नव्हता. "म्या इचारलं, पावनी आल्यात का कोन? न्हाई म्हनाल्या. पर घरात जायाला तयार न्हाईत. वैरन डोक्यावर तशीच. मला म्हनत्यात, बाळा, जरा तू आत बघून ये. म्हनलं मला उशीर हुतोय, आनि आलो निगून." तो थोडा ओशाळला. "जायाला पायजे हुतं आत."

तो गेल्यावर शिवांजली ते खातं पुसून टाकायला बसली. घामाने माउस हातातून सटकत होता. नोंदलेल्या तक्रारी असलेलं खातं काढता येत नाही, असं सॉफ्टवेअर म्हणालं. मग नाव बदलू म्हणून तिने नावाची जागा रिकामी केली, आणि तिथे काय लिहावं हेच तिला सुचेना. कुणाचं नाव द्यायचं? हरणाबाईचं? सूरजचं? ओळखीच्या एकेका माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे यायचा आणि ती घाबरून बोट मागे घ्यायची. एखादं कधीच न ऐकलेलं नाव लिहावं, तर तेही कुणा ना कुणाचं असणारच. शेवटी तिने रागारागाने काहीतरी अक्षरं बडवली आणि बटण दाबलं. पान पुन्हा उघडलं तेव्हा तिथे अंजना होतं.

५

रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी ऑफिसात येऊन रजा मागायची आणि पहिल्या एसटीने शिराळा गाठायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

बाळासो मात्र खुशीत होते. तिच्याच खुर्चीवर बसले होते.

"ये, ये. तुजं काम हलकं केलं बघ. एकाच मानसाची दोन-दोन खाती, मग एकाला दोनदा मेसेज जातो आनि लोक आपल्याला शिव्या देत्यात. समदी दुबार खाती बसून एकत्र केली."

शिवांजली टेबलाला धरून उभी राहिली. स्टार्टर बसवला तेव्हा आईचं खरंखुरं खातं तिनेच उघडलं होतं. आईने ते कधी वापरलं नव्हतं. साध्या बटणांच्या फोनवर काय वापरणार? आता एकाच नावाची, एकाच गावाची, एकाच पत्त्याची दोन खाती झाली होती.

"दोन्हींतलं ठेवलं कुठलं?" तिने विचारलं.

"जे चालू हाय ते. जुनं नुसतंच पडलं हुतं, ते त्यात गेलं."

"वेगळं करता येईल का परत?"

"एकदा एकत्र झालं की न्हाई हुत वेगळं. आगं, पर झालं काय? तोंड कशापायी पांढरं पडलंय?"

"मला आजची रजा हवी आहे," ती म्हणाली. बाहेर व्हरांड्यात जाऊन तिने आईला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"हॅलो, अंजना बोलतीया."

आई जन्मात कधी फोनवर आपलं नाव सांगत नसे. हां, बोल, एवढंच म्हणायची. पण आवाज आईचा होता. आईचाच, आणि खणखणीत. त्यात दमणूक औषधालाही नव्हती.

"आई, बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीया? ये की तू. लय दिवस झालं आली न्हाईस. च्या ठेवते."

शिवांजलीला रडू आलं. भीतीने आलं की सुटल्यासारखं वाटलं म्हणून आलं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. आई ठणठणीत होती. सूरजला भास झाला असेल. सॉफ्टवेअरचा घोळ तर रोजचाच. एवढं सगळं मनाला पटवूनसुद्धा ती स्टँडकडे जवळजवळ पळतच गेली.

६

आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका. एसटी प्रत्येक थांब्याला रेंगाळत होती आणि बाहेर ऊन मी म्हणत होतं. शिराळ्यात उतरून ती मळ्याच्या वाटेला लागली, तेव्हा बांधावर हरणाबाई भेटली. आईची जन्माची शेजारीण. शिवांजलीला तिने अंगाखांद्यावर खेळवलेलं.

"आलीस व्हय शिवा? बरं केलंस. आईनं सकाळधरनं समदं घर धुऊन काडलंय बघ. लय दिसांनी अशी उबारी आलीया तिला."

"आई बरी आहे?"

"चांगली टुनटुनीत हाय की." हरणाबाई विळा काखेत धरून निघाली आणि पुन्हा वळली. "आनि ती म्हातारी कोन आनलीया गं कामाला? गोट्यात बसलीया सकाळपासनं. नाव इचारलं तर नुसती तोंडाकडं बगती."

अंगणापर्यंतची वाट शिवांजली कशी चालली ते तिला कळलं नाही. अंगण ओलं होतं, स्वच्छ होतं. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि आतून चहाचा वास येत होता, आल्याचा, आई करायची तसाच. उन्हातून आल्यामुळे आतलं नीट दिसेना. आईचं हिरवं लुगडं दिसलं, पाठमोरं. बांगड्या वाजल्या. गाळणं घ्यायला एक हात वर गेला आणि खाली आला. चेहरा काही उजेडात आला नाही.

उजव्या हाताला गोठा. तिथे वैरणीच्या भाऱ्याला टेकून एक बाई बसली होती. पदराला चिकटलेल्या काड्या एकेक करून वेचत होती, आणि मधूनच डावा गुडघा दाबत होती. तो गुडघा कधी, कुठल्या बांधावरून पडून दुखावला होता, ते शिवांजलीला माहीत होतं. त्याला तेल लावून देत ती लहानाची मोठी झाली होती.

ती अंगणाच्या मधोमध थांबली.

"आई," तिने हाक मारली.

"ओ! आले गं," स्वयंपाकघरातून लगेच आवाज आला.

गोठ्यातल्या बाईने मान वर केली. ही पोरगी कुणाला हाक मारतेय, म्हणून तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

शिवांजली धावत गोठ्यात गेली, खाली बसली, तिचे दोन्ही हात तिने धरले. हात गार होते आणि ओळखीचे होते. "आई, मी. मी शिवा. बघ ना माझ्याकडे."

"बरं, बरं," बाई म्हणाली. एखाद्या पाहुण्याच्या लेकीशी बोलावं तसं मायेने, पण जरा संकोचून. "उनातनं आलीस बाळा. लाल झालीयास."

"तुझं नाव अंजना आहे. म्हण ना. अंजना."

बाईचे ओठ हलले. तोंडापर्यंत काहीतरी आलं, आणि तिने घाबरून पुन्हा त्या दाराकडे बघितलं.

"ते तिचं हाय न्हवं?" ती हळूच म्हणाली. "दुसऱ्याचं नाव कसं घेऊ बाळा मी?"

मागे कपबशी किणकिणली. ओल्या अंगणातून पावलं जवळ आली आणि गोठ्याच्या तोंडाशी थांबली. चहाचा वास आला. शिवांजलीने मागे वळून बघितलं नाही. तिने आईचे हात आणखी घट्ट धरले.

आईने ते हळूच सोडवून घेतले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"जा बाळा," आई म्हणाली. "तुजी आई च्या घिऊन उबी हाय कवाधरनं."